फ्लोरिडातल्या बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स: 14 तासांचं शिक्षण आणि नूतनीकरण कुठे अडकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्लोरिडात सर्टिफाइड बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स आहे, मुदत 31 ऑगस्ट 2026 ला संपते आणि जुलै-ऑगस्ट पुण्यात जाणार आहेत. सक्तीचे 14 तास पुण्यातून ऑनलाइन करता येतील का? इंजिनिअरच्या म्हणजे पीई लायसन्ससाठी केलेले तास इथे धरले जातील का? आणि राहूनच गेलं तर काय होईल?

पुण्यातून करता येतील. पीईचे तास आपोआप धरले जात नाहीत. राहून गेलं तर दंडापेक्षा मोठं नुकसान दुसरीकडेच होतं, ते पुढे सांगतो.

आधी हे नियम कोणाचे ते पाहू. लायसन्स देतो तो फ्लोरिडाचा व्यवसाय नियमन विभाग, म्हणजे डीबीपीआर. त्याच्या अखत्यारीतलं बांधकाम मंडळ म्हणजे सीआयएलबी. कायदा म्हणजे फ्लोरिडा स्टॅट्यूट्सचं प्रकरण 489. राज्यभर चालणारं सर्टिफाइड लायसन्स सम वर्षाच्या 31 ऑगस्टला संपतं. फक्त एखाद्या काउंटी-शहरापुरतं चालणारं रजिस्टर्ड लायसन्स विषम वर्षाच्या 31 ऑगस्टला संपतं. तुमच्या क्रमांकाची सुरुवात सीबीसी अशी असेल तर तुम्ही सर्टिफाइड बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे तीन मजल्यांपर्यंतच्या इमारती तुमच्या कक्षेत येतात. सीजीसी म्हणजे जनरल, त्याला मजल्यांची मर्यादा नाही. सीआरसी म्हणजे रेसिडेन्शियल. तिघांनाही शिक्षणाचे तास सारखेच लागतात.

1 सप्टेंबर 2024 ते 31 ऑगस्ट 2026 या काळात पूर्ण केलेले तासच या नूतनीकरणाला चालतात. मागच्या वेळी 16 तास केले म्हणून दोन तास पुढे ओढता येत नाहीत. लायसन्स मिळून मुदतीच्या दिवशी एक वर्षसुद्धा झालेलं नसेल तर शिक्षण लागत नाही. एक ते दोन वर्षं झाली असतील तर 7 तास लागतात. त्यापुढे पूर्ण 14.

आता मुख्य गोष्ट. नूतनीकरण अडकतं ते बहुधा बेरीज 14 न झाल्यामुळे नव्हे. बेरीज 14 होते, कधी 16 सुद्धा होते, पण एखादा सक्तीचा खाना रिकामा राहतो. बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टरला सहा विषयांत प्रत्येकी किमान 1 तास लागतो: कामावरची सुरक्षितता, व्यवसाय-व्यवहार, वर्कर्स कॉम्पेन्सेशन म्हणजे कामगारांच्या दुखापतीचा विमा, बांधकामाचे कायदे आणि नियम, फ्लोरिडा बिल्डिंग कोडचा अ‍ॅडव्हान्स्ड मॉड्यूल, आणि वाऱ्यापासून बचाव म्हणजे विंड मिटिगेशन. उरलेले 8 तास सर्वसाधारण. विंड मिटिगेशनचा तास सगळ्यांना नाही. जनरल, बिल्डिंग, रेसिडेन्शियल, रूफिंग, स्पेशालिटी स्ट्रक्चर आणि काच-ग्लेझिंगवाल्यांना तो आहे. प्लंबिंग किंवा एसीवाल्यांना नाही. त्यामुळे प्लंबर मित्राने घेतलेलं पॅकेज तसंच उचललं तर नेमका हाच तास सुटतो. विजेच्या कामाचं लायसन्स तर वेगळ्याच मंडळाकडे आहे, त्याचा हिशेब इथे लावू नका.

अ‍ॅडव्हान्स्ड मॉड्यूलचं नाव ऐकून लोक कोडवरचा कुठलाही कोर्स घेतात. तो अ‍ॅडव्हान्स्ड मॉड्यूल म्हणून मंजूर झालेला असायला हवा आणि तुमच्या कामाच्या शाखेशी संबंधित हवा. नावात ‘कोड’ आहे पण मंजुरी सर्वसाधारण विषयांच्या खात्यात आहे, असे कोर्स भरपूर मिळतात. पैसे भरण्यापूर्वी कोर्सच्या पानावर तीन गोष्टी पाहा: प्रोव्हायडरचा म्हणजे कोर्स देणाऱ्या संस्थेचा क्रमांक, कोर्सचा क्रमांक आणि कोणत्या खात्यात किती तास. तिसरी गोष्ट स्पष्ट लिहिलेली नसेल तर पुढच्या दुकानात जा. एकाच चक्रात तोच कोर्स क्रमांक दोनदा केला तर दुसऱ्यांदाचे तास धरले जात नाहीत, हेही ध्यानात ठेवा. वेगवेगळ्या प्रोव्हायडरांकडून सुटे कोर्स घेणाऱ्यांनी तर खात्यांचा तक्ता स्वतःच कागदावर मांडावा.

पीईच्या तासांचं उत्तर यातच आहे. फ्लोरिडात इंजिनिअरला दोन वर्षांत 18 तास लागतात, पण ते इंजिनिअर मंडळाचे. एखादा कोर्स दोन्ही मंडळांनी मंजूर केलेला असू शकतो, तेव्हा तो दोन्हीकडे चालतो. मात्र प्रोव्हायडरने तो दोन्ही लायसन्स क्रमांकांवर कळवायला हवा. पुण्यात केलेला कोर्स, कंपनीचं अंतर्गत प्रशिक्षण, सिमेंट कंपनीची कार्यशाळा, एम.टेक.चा विषय, यातलं काहीही सीआयएलबीच्या मंजुरीशिवाय चालत नाही, मग शिकवणारा कितीही मोठा असो. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ठेकेदार नोंदणीत वर्ग ठरतो तो कामाच्या रकमेवर; तासांच्या शिक्षणाची अट तिथे नाही. म्हणून इकडून गेलेल्या माणसाला अनुभव दाखवला की भागेल असं वाटतं. नूतनीकरणात अनुभवाचा रकानाच नाही.

ऑनलाइन तास चालतात, सगळे 14 सुद्धा. कोर्स परस्परसंवादी हवा, म्हणून पानांवर घड्याळ असतं, मध्ये प्रश्न येतात आणि नुसतं खाली सरकवत गेलं तर पुढचं पान उघडत नाही. 14 तास म्हणजे खरोखर 14 तास बसावं लागेल असंच धरा. पुण्यातून करताना अडचणी वेगळ्या येतात. काही साइट्स लॉगिनचा कोड अमेरिकन मोबाइलवर पाठवतात आणि ते सिम घरी गेल्यावर बंद असतं. निघण्यापूर्वी ई-मेलवर कोड येईल अशी सोय करून घ्या. परदेशातून लॉगिन केल्यावर कार्ड किंवा खातं अडू शकतं, म्हणून पैसे निघण्यापूर्वीच भरा. उन्हाळ्यात फ्लोरिडापेक्षा पुणे साडेनऊ तास पुढे असतं. तिथली 31 ऑगस्टची मध्यरात्र म्हणजे इथली 1 सप्टेंबरची सकाळ साडेनऊ. हा जास्तीचा वेळ आहे असं समजू नका, कारण मदतीसाठी फोन करायचा तर तिथलं कार्यालय तुमच्या संध्याकाळी उघडतं.

तास पूर्ण झाले म्हणजे विभागाला कळले असं नाही. कळवण्याची जबाबदारी प्रोव्हायडरची असते आणि कायद्याने त्याला मुदत आहे: कोर्स संपल्यापासून 30 दिवस. नूतनीकरणाच्या तारखेआधीचे शेवटचे 30 दिवस सुरू झाले की ती 10 कामकाजाच्या दिवसांवर येते. म्हणजे ऑगस्टच्या मध्यानंतर संपवलेला कोर्स 31 ऑगस्ट तोंडावर येईपर्यंत विभागाकडे दिसला नाही, असं होऊ शकतं. चांगले प्रोव्हायडर एक-दोन दिवसांत कळवतात, पण आपला व्यवसाय त्यांच्या चांगुलपणावर कशाला टांगायचा? जूनअखेर तास संपवावेत. जुलैच्या मध्यावर विभागाच्या ऑनलाइन खात्यात जाऊन प्रत्येक विषयाचे किती तास जमा दिसतात ते पाहावं. कमी दिसले तर आधी प्रोव्हायडरला प्रमाणपत्राची प्रत पाठवावी. विभागाला फोन नंतर.

नोंद न दिसण्याची कारणं साधी असतात. लायसन्स क्रमांकात एक अंक इकडचा तिकडे. सीबीसीऐवजी सीजीसी. आणि आपल्या लोकांत हमखास होणारी भानगड नावाची: लायसन्सवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण; कोर्सच्या खात्यात मधलं नाव गायब; लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर आणखी गुंता. लायसन्सवर अक्षर न् अक्षर जसं आहे तसंच कोर्सच्या खात्यात टाका. एकाच मंडळाची दोन लायसन्स असतील, उदाहरणार्थ बिल्डिंग आणि रूफिंग, तर दुप्पट तास करायचे नाहीत, 14 च पुरतात. पण दोन्ही क्रमांक नोंदणीच्या वेळीच द्या. प्रमाणपत्रं पुढचं नूतनीकरण पार पडेपर्यंत जपून ठेवा.

शिक्षण हे कंपनीचं नसतं, ज्याच्या नावावर लायसन्स आहे त्या माणसाचं असतं. त्याला क्वालिफायिंग एजंट म्हणतात. तुमच्या भागीदाराने किंवा साइट सुपरवायझरने तुमच्या वतीने केलेले तास शून्य. उलट, कंपनीचा एकुलता एक क्वालिफायर सोडून गेला तर दुसरा आणायला 60 दिवस मिळतात. त्याचं नूतनीकरण अडकलं तर कंपनीचंही काम अडकतं. दुसऱ्याच्या लायसन्सवर कंपनी चालवणाऱ्यांनी त्याचे तास झाले की नाही हे स्वतः तपासावं, त्याच्या ‘झालं, झालं’वर राहू नये.

तासांबरोबर विम्याचंही पाहावं लागतं. जनरल आणि बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टरला सार्वजनिक दायित्वाचा किमान 3,00,000 डॉलरचा आणि मालमत्तेच्या नुकसानीचा 50,000 डॉलरचा विमा लागतो. इतर प्रकारांना 1,00,000 आणि 25,000. वर्कर्स कॉम्पेन्सेशनमधून अधिकाऱ्याने स्वतःला वगळून घेतलं असेल तर त्या सवलतीची मुदत दोन वर्षांची असते आणि ती लायसन्सच्या तारखेशी जुळत नाही. बांधकामात ही सवलत कंपनीच्या तीनच अधिकाऱ्यांना मिळते आणि प्रत्येकाची मालकी किमान 10 टक्के हवी. लायसन्सचं नूतनीकरण झालं म्हणजे ही सवलतही पुढे सरकली असं समजणारे बरेच भेटतात. सबकॉन्ट्रॅक्टरकडे कव्हर नसेल तर त्याच्या जखमी कामगाराचा भार वरच्या कॉन्ट्रॅक्टरवर येतो. त्या एका सक्तीच्या तासात एवढं नीट समजलं तरी पैसे वसूल.

31 ऑगस्ट उलटला आणि नूतनीकरण नाही, तर लायसन्स डेलिंक्वेंट म्हणजे थकीत होतं. ते लगेच मरत नाही. चालू दोन वर्षांच्या चक्रात अर्ज, विलंब शुल्क आणि राहिलेले तास देऊन ते सक्रिय किंवा निष्क्रिय करून घेता येतं. ते चक्रही संपलं तर लायसन्स रद्दबातल. मग नव्याने परीक्षा, अर्ज, सगळं पहिल्यापासून. काही काळ काम करायचंच नसेल, म्हणजे दोन-तीन वर्षं भारतात राहायचं असेल, तर थकीत होऊ देण्यापेक्षा निष्क्रिय करून ठेवणं शहाणपणाचं. पुन्हा सक्रिय करताना मंडळ एका चक्रापेक्षा जास्त शिक्षण मागू शकत नाही. निष्क्रिय लायसन्सवर काम मात्र अजिबात घ्यायचं नाही. कायदा अशा माणसाला विनालायसन्सच धरतो.

आता ते मोठं नुकसान. विनालायसन्स काम हा पहिल्या वेळी फर्स्ट डिग्री मिस्डिमिनर म्हणजे सौम्य गुन्हा, दुसऱ्या वेळी थर्ड डिग्री फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा. राज्यात आणीबाणी जाहीर असताना तर पहिल्याच वेळी फेलनी. ऑगस्टची अखेर म्हणजे चक्रीवादळांचा ऐन हंगाम, वादळामागून आणीबाणीची घोषणा येतेच आणि नेमकी तेव्हाच कामंही येतात. शिवाय कलम 489.128 म्हणतं की विनालायसन्स कॉन्ट्रॅक्टरला त्याचा करार न्यायालयातून अंमलात आणता येत नाही. बघितली जाते ती करार अंमलात येण्याची तारीख. ती लिहिलेली नसेल तर शेवटची सही झाल्याची तारीख. तीही नसेल तर कामाला पहिला हात लागला तो दिवस. म्हणजे ऑगस्टमध्ये सही केलेला करार एका बाजूला आणि सप्टेंबरच्या थकीत काळात सही केलेला दुसऱ्या बाजूला. घरमालकाने पैसे अडवले की त्याचा वकील याच तारखेवर बोट ठेवणार. म्हणून लायसन्स थकीत आहे तोवर नव्या करारावर सही करू नका, आगाऊ रक्कम घेऊ नका, परमिटचा अर्ज करू नका.

सक्तीच्या सहा तासांत फारशी निवड नसते, तरी कोर्स ताजा आहे का हे पाहता येतं. कायद्यांच्या तासात बांधकामातल्या दोषांवर दावा करण्याची अंतिम मर्यादा अजून 10 वर्षं सांगत असतील तर तो कोर्स जुना आहे. 2023 मध्ये ती 7 वर्षांवर आली. नोटीस ऑफ कमेन्समेंटची, म्हणजे काम सुरू होत असल्याची नोटीस नोंदवण्याची, मर्यादा 2,500 डॉलर सांगत असतील तरी तेच. 1 ऑक्टोबर 2023 पासून ती 5,000 आहे. लिएनचे, म्हणजे थकलेल्या पैशांसाठी मालमत्तेवर बोजा चढवण्याचे, दिवस बदललेले नाहीत: मालकाशी थेट करार नसलेल्याने काम सुरू केल्यापासून 45 दिवसांत मालकाला नोटीस, शेवटच्या कामापासून 90 दिवसांत लिएनची नोंद. दुरुस्त्या आणि वॉरंटीच्या किरकोळ कामांनी हे 90 दिवस लांबत नाहीत, आणि फसतात ते लोक इथेच. करारापोटी 10 टक्क्यांहून जास्त आगाऊ घेतली तर 30 दिवसांत परमिटचा अर्ज आणि परमिट मिळाल्यावर 90 दिवसांत कामाला सुरुवात करावी लागते, हेही याच तासात यायला हवं.

कोडच्या तासात आठवी आवृत्ती म्हणजे 2023 ची हवी. ती 31 डिसेंबर 2023 पासून लागू आहे आणि वाऱ्याचा भार एएससीई 7-22 या मानकाप्रमाणे काढते. आवृत्ती दर तीन वर्षांनी बदलते, म्हणून पॅकेज घेताना कोणती आवृत्ती शिकवतात ते विचारा. विंड मिटिगेशनचा तास सक्तीचा का झाला याचं मूळ 24 ऑगस्ट 1992 च्या अँड्र्यू वादळात आहे. त्यानंतरच राज्यभर एकच कोड आला, मार्च 2002 पासून. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंट्या अतिवेगवान वाऱ्याच्या विभागात मोडतात. तिथे नेहमीच्या घरासाठी डिझाइनचा वेग ताशी 175 आणि 170 मैल धरतात. छप्पर बदलताना जुन्या फळ्या-प्लायवुडवर 8-डी रिंग-शँक खिळे 6 इंचांवर, सांध्यांवर चिकट पट्टी किंवा पूर्ण चिकट थर, हे पाठ असेल. विसरतं ते पुढचं: उडत्या ढिगाऱ्याच्या विभागात, 2002 आधी परमिट मिळालेलं आणि विमा मूल्य 3,00,000 डॉलर किंवा जास्त असलेलं एककुटुंबी घर असेल, तर छत आणि भिंतीची जोडणीही सुधारावी लागते, छपराच्या खर्चाच्या 15 टक्क्यांपर्यंत. कोटेशन देताना हे धरलं नाही तर तेवढी रक्कम आपल्या खिशातून जाते.

सुरक्षिततेचा तास बहुतेक जण झोपेत काढतात. फ्लोरिडात राज्याची वेगळी यंत्रणा नाही, थेट केंद्राच्या ओशाचे, म्हणजे कामगार-सुरक्षा यंत्रणेचे, नियम लागतात. 6 फुटांवर पडण्यापासून संरक्षण, शिडी वरच्या पातळीच्या 3 फूट वर, 5 फूट खोल चरीला आधार किंवा उतार, आणि 4 फुटांपासून 25 फुटांच्या आत बाहेर पडायची शिडी. फ्लोरिडातली वाळूची माती टाइप सी म्हणजे सर्वांत सैल धरायची, म्हणजे दर 1 फूट खोलीला दीड फूट उतार. 6 फुटी चरीला दोन्ही बाजूंना 9-9 फूट जागा जाते, आणि छोट्या प्लॉटवर ती नसतेच. तेव्हा ट्रेंच बॉक्सचा, म्हणजे चरीत बसवायच्या संरक्षक पेटीचा, खर्च सुरुवातीलाच धरावा लागतो.

सर्वसाधारण 8 तास मात्र तुमच्या हातात आहेत आणि तिथेच स्वस्तातलं काहीतरी उचललं जातं. बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टरसाठी दोन विषय सुचवेन. एक म्हणजे पूरक्षेत्रातला 50 टक्क्यांचा नियम: दुरुस्तीचा किंवा सुधारणेचा खर्च इमारतीच्या बाजारमूल्याच्या 50 टक्के झाला की सगळी इमारत आजच्या पूरनियमांत आणावी लागते. मूल्य इमारतीचं धरतात, जमिनीचं नाही, आणि किनाऱ्यावर सगळी किंमत जमिनीतच असते. त्यामुळे स्वयंपाकघर आणि दोन बाथरूमचं साधं काम घर उचलण्यापर्यंत जाऊ शकतं. दुसरा, जुन्या कॉन्डो म्हणजे मालकीच्या फ्लॅटांच्या इमारतींची, ठरावीक वयाला होणारी माइलस्टोन तपासणी. 24 जून 2021 ला सर्फसाइडची चॅम्प्लेन टॉवर्स साउथ कोसळून 98 जण गेले, त्यानंतर 2022 मध्ये तीन किंवा अधिक मजल्यांच्या कॉन्डोंना 30 व्या वर्षी तपासणी सक्तीची झाली. किनाऱ्याजवळ स्थानिक प्रशासन 25 व्या वर्षीही मागू शकतं. यातल्या तीन मजली इमारती अगदी तुमच्या लायसन्सच्या कक्षेत बसतात, आणि काँक्रीट दुरुस्तीची कामं तिथूनच निघतात.

फ्लोरिडाबाहेरच्यांसाठी एवढंच की हा हिशेब तिथे लावू नका. मॅसॅच्युसेट्सच्या कन्स्ट्रक्शन सुपरवायझरला दोन वर्षांत अनरिस्ट्रिक्टेडसाठी 12, एक-दोन कुटुंबांच्या घरांपुरत्या लायसन्सला 10 आणि स्पेशालिटीला 6 तास लागतात, आणि त्यात शिशाच्या रंगाचा तास असतो. कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टर लायसन्सच्या नूतनीकरणाला तासांची अट नाही. टेक्सासात जनरल कॉन्ट्रॅक्टरला राज्याचं लायसन्सच नाही, शहरं आपापली नोंदणी मागतात.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. मे महिन्यात विभागाच्या खात्यात पत्ता, ई-मेल आणि जमा तास पाहा. जूनमध्ये सहाही सक्तीचे विषय स्वतंत्र दाखवणारं 14 तासांचं पॅकेज पूर्ण करा. 15 जुलैच्या आसपास जमा तास पुन्हा तपासा, विम्याच्या मुदती पाहा, शुल्क भरून टाका. मग खुशाल पुण्याला जा. लायसन्सची नवी तारीख 31 ऑगस्ट 2028 दिसल्याचा स्क्रीनशॉट मात्र विमानात बसण्यापूर्वी घ्या. एवढं जमलं नाहीच, तर राहिलेले तास पुण्यात 10 ऑगस्टच्या आत संपवा आणि त्याच दिवशी प्रोव्हायडरला नोंद पाठवायला सांगा.